सरांचा समुद्र

“पुन्हा मोज,” सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

हे अकराव्यांदा! तिनं दातओठ खाल्ले, पण मनातल्या मनात. मार्गदर्शकापुढे तोंडाला कुलूपच बरं. प्रबंध टेबलावर पडला होता, दोनशे चाळीस पानांचा, बांधून तयार. फक्त सरांची एक सही हवी होती आणि सर काही केल्या पेन उघडत नव्हते.

कारण समुद्र सापडत नव्हता.

तीस वर्षांपूर्वी सरांनी गावाबाहेरच्या तळ्यात नळी ठोकून दहा मीटरचा गाळ काढला होता. गाळ वर्षावर्षाला साचत जातो. जितकं खोल जावं तितका काळ जुना. त्यात शेवाळाची काचेसारखी कवचं टिकून राहतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. तळ्यातली वेगळी, समुद्रातली वेगळी. वरच्या पाच मीटरांत सरांना फक्त तळ्यातली मिळाली आणि त्याखाली, अगदी बुडापर्यंत, समुद्रातलीही. म्हणजे एके काळी हवा इतकी तापली होती की समुद्र फुगून थेट इथवर आला होता! केवढा गाजावाजा झाला. पाठ्यपुस्तकात धडा आला. विभागात अजूनही त्याला सगळे ‘सरांचा समुद्र’च म्हणतात.

आणि आता सरांचीच विद्यार्थिनी त्याच तळ्यातून नवा गाळ काढून सांगत होती, की बुडापर्यंत नुसतं गोडं पाणी आहे.

“तू घाई करतेस,” सर म्हणायचे. घाई! तीन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती ती. एका काचपट्टीवर चारशे कवचं मोजायची, अशा दोनशे पट्ट्या. मान आखडली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण सरांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या गावच्या कॉलेजात तिची नोकरी ठरली होती. नवरा आणि लेक चार महिन्यांपूर्वीच तिकडे राहायला गेले होते. महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. लेक रोज फोनवर विचारायची, “आई, सापडला का गं तुझा समुद्र?” तिला त्या समुद्राचा असा वीट आला होता, की सहलीलासुद्धा त्या बाजूला जायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी जुन्या मावशी पेन्शनच्या कागदावर शिक्का घ्यायला आल्या. पंचवीस वर्षं प्रयोगशाळेतली भांडी त्यांनीच धुतली होती. बेसिनपाशी पालथे घातलेले बीकर बघून त्यांनी नाक मुरडलं.

“अगं बाई! इतकी कळकट भांडी?”

“धुते की मावशी, साबणानं.”

“साबणानं काय डोंबल होतंय! सरांचं ते तळ्याचं काम चालू होतं ना, तेव्हा मीही साबणच वापरायचे. वरचा गाळ संपून खालचा सुरू झाला आणि एक दिवस सर असे भडकले माझ्यावर, भांड्यांना डाग पडलेत म्हणून! रडूच आलं मला. मग ही आणली.” त्यांनी बेसिनखाली हात घालून एक गंजका डबा बाहेर ओढला. “पांढरी पावडर. ह्यानं घासलं की काच कशी लखलखते. पुढे सर एका शब्दानं बोलले नाहीत मला.”

मावशी शिक्का घेऊन गेल्या. ती डब्याकडे बघत राहिली. मग तिनं चिमूटभर पावडर पाण्यात कालवली, एक थेंब काचपट्टीवर टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पट्टी सरकवत तिनं दोनदा नीट तपासलं. मग तीन वर्षांचा राग एकदम उसळून आला. आता दाखवतेच, म्हणत ती तरातरा सरांच्या खोलीत गेली.

“सर, समुद्र सापडला. बघायला चला.”

सर जिना उतरून जवळजवळ धावतच आले. गुडघे दुखतात हेसुद्धा विसरले. वाकून बघताच त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. “हे बघ, हे! चाकासारखं गोल. आणि हे जाळीदार. तळ्यात जन्मात मिळणार नाही असलं. अगं, अस्सल समुद्र आहे हा!”

ते स्टुलावर बसले. डोळे भरून आले होते.

“फार छळलं ना मी तुला? पण काय करू, पोरी? धास्तीच बसली होती. आयुष्यात एकच गोष्ट धड केली आपण, तीही चुकली असेल तर?” त्यांनी प्रबंध पुढे ओढला, सहीचं पान काढलं आणि खिशातलं पेन उघडलं. “कितव्या मीटरचा नमुना हा? सांग, तेवढं इथे लिहितो आणि लगेच सही करतो.”

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. एक आकडा सांगायचा होता. सात म्हटलं असतं तरी चाललं असतं. आठवड्याच्या आत ती लेकीजवळ असती आणि सर सुखानं झोपले असते. पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं.

“थांबा, सर,” ती म्हणाली. “हा तळ्यातला नाही. मावशी तुमचे बीकर ज्या पावडरीनं घासायच्या ना, समुद्रतळाच्या मातीपासून केलेल्या, तिच्यातला आहे.”