सममित

"पुरे. छान झालं," अध्यक्ष म्हणाले.

सुमनने खडू खाली ठेवला नाही. भंडाऱ्याच्या त्या कॉलेजात गणित शिकवायची एकच जागा होती आणि मुलाखतीत फळ्यावर शिकवून दाखवायचं होतं. तिने वास्तव संख्यांच्या सममित, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे तेच आकडे असलेल्या, मॅट्रिक्सची फोड घेतली होती. तीन मॅट्रिक्सचा गुणाकार. मधलीत फक्त कर्णावर आकडे, कडेच्या दोघी एकमेकींना रद्द करणाऱ्या. शेवटी ती बोलून गेली, "संमिश्र संख्या असल्या तरी हेच." तिन्ही परीक्षकांनी मान डोलावली होती.

"सर, मी चुकीचं सांगितलं."

"कुठं?"

तिने घाईने लिहिलं. वर एक आणि आय, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ; खाली आय आणि उणे एक. "हीसुद्धा सममित आहे. हिला हिनेच गुणलं की सगळीकडे शून्य येतं. फोड खरी असती, तर कडेच्या दोघी रद्द होऊन मधलीचा वर्ग शून्य आला असता, म्हणजे मधली शून्य आणि मग हीपण. पण ही शून्य नाही." तिने मॅट्रिक्सभोवती गोल काढला. "इथे नुसती सममित चालत नाही. कर्णापलीकडचे आकडे एकमेकांचे संयुग्मी लागतात, म्हणजे हर्मिशियन लागते."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आमच्यापैकी कोणी हरकत घेतली नव्हती, बाई."

"म्हणूनच सांगावं लागलं, सर."

त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

संध्याकाळी निवड कळली. नाव दुसऱ्याचं होतं.

घरी, अड्याळला परतताना बसमध्ये सोबत आलेले तिचे वडील, डोमाजी, म्हणाले, "त्यायले दिसलं नोहतं न?"

"नाही."

"मंग सांगतलं काहून?"

"उद्या पोरायले तसंच शिकवलं असतं मी, बाबा."

ते बाहेर बांध्यांमधली धानाची रोवणी पाहत राहिले.

सुमनला स्वस्थ बसवेना. नोकरी गेल्याचं दुखत होतंच, पण त्याहून दुसरंच काही टोचत होतं. ती मॅट्रिक्स तशी फुटत नाही, ठीक. पण सममित असून कशीच फुटणार नाही? कडेच्या दोघींनी एकमेकींना रद्द केलंच पाहिजे, असं कुठंय? तिचं बोट गुडघ्यावर आकडे मांडू लागलं. मांडलेलं मोडलं, पुन्हा मांडलं.

बस थांबली. डोमाजी पिशवी घेऊन उठले. "उतर न, बाई. अड्याळ आलं."

"थांबा न जराशे," ती वर न बघता म्हणाली. "जमून राहिलं."

डोमाजींच्या मागे उतरणाऱ्यांची रांग अडली होती. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता.