सगळ्यात जड प्लगइन

चाकणच्या कंत्राटी कामगारांसाठी कुलदीपने काढलेली वेबसाइट इतकी मंद झाली होती, की ती उघडेपर्यंत लोक नाद सोडायचे. म्हणून त्याची निगडीची मावसबहीण तेजस्विनी त्यातली प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, छाटायला बसली.

"बॅकअपचं राहू दे. स्पॅम अडवणारंही राहू दे. पण दादा, ही स्क्रीनवर पडणारी फुलं कशाला? लग्न आहे का कुणाचं?"

"काढ."

"आणि हे आवाजात कमेंट करायचं? सगळ्यात जड तेच आहे. दोन ओळी टाइप करायला काय होतं लोकांना? आळशी मेले!"

कुलदीपने त्यातलीच एक कमेंट लावली.

"मी सुजित. प्रेस मशीनमध्ये माझा उजवा पंजा गेला. ठेकेदार म्हणतो, तू आमच्याकडं कामालाच नव्हतास. मला तिथं कुणी बघितलं असेल तर बोला रे."

तेजस्विनीने 'डिलीट'वरचा कर्सर बाजूला नेला. खाली एक उत्तर आलेलं होतं. ते तिनेच लावलं.

"होतास की सुजितभाऊ. मी तुझ्या शेजारच्या मशीनवर होतो. कुठंही येऊन सांगतो. माझीपण बोटं तिथंच गेलीत."