आपोआप

"वीज जाऊन आली की गडबड होते," असं तळमजल्यावरच्या काकांनी फोनवर सांगितलं, म्हणून मेकॅनिक हातातलं काम टाकून आला. इमारतीच्या पाण्याच्या पंपाला नवा कंट्रोलर त्यानेच बसवला होता. त्याआधी वीज आली की बटण दाबून पंप लावायचं काम काकांकडे असायचं.

मेकॅनिकने मेन स्विच बंद केला. पंप थांबला. जरा वेळाने त्याने स्विच पुन्हा चालू केला. कंट्रोलरचा लाल दिवा लुकलुकला, टाकीत पाणी किती आहे ते कंट्रोलरने तपासलं, मग दिवा हिरवा झाला आणि पंप आपोआप घरघरू लागला. खात्रीसाठी त्याने परत एकदा तसंच करून पाहिलं.

"काका, हा तर झकास चालतोय. बिघाड कुठाय?"

काका भिंतीला टेकून उभे होते. "पूर्वी वीज आली की वरच्या मजल्यांवरून फोनवर फोन यायचे. काका, पंप लावा. काका, जेवलात का. आता कुणाचाच येत नाही."

मेकॅनिकने कंट्रोलरकडे बोट दाखवलं. "मग पूर्वीसारखं करून देऊ? एक सेटिंग बदललं की झालं. बटण तुम्हीच दाबायचं."

"छे, छे! माझ्यापायी लोकांना पाण्यावाचून कशाला ठेवायचं?" काका घाईघाईने म्हणाले. मग कंट्रोलरच्या झाकणावरची नसलेली धूळ त्यांनी हाताने पुसली.

"तुम्ही फक्त अधूनमधून तपासायला येत जा."