पेडलवरचा पाय

"दाब," गाडीखालून मिस्त्री म्हणाला.

"दाबलं," वरून बायकोचा आवाज आला.

"धर."

"धरलंय."

त्याने मागच्या चाकाचं हवा काढायचं निपल पान्याने उघडलं, ऑइल बाटलीत येऊ दिलं, निपल बंद केलं आणि "सोड" म्हणाला. असं वीसेक वेळा झालं. मग बाहेर येऊन त्याने स्वतः पेडल दाबून पाहिलं. ते मऊ कणकेत बोट जावं तसं तळापर्यंत गेलं.

आज तिसरा दिवस. गुरुवारी त्याने ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलला आणि तेव्हापासून ब्रेकमधली हवा काही केल्या निघत नव्हती. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं दोनदा झाली. नळ्यांचे जोड कागदाने टिपून पाहिले, कुठे थेंब नव्हता. नवा सिलिंडर उतरवला, बाकावर धरून हवा काढली, पुन्हा बसवला. चाळीस वर्षं गावाचे ब्रेक लावणाऱ्या माणसाने घरच्या गाडीपुढे हात टेकले होते. शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून रोज विचारायचे, गाडी थांबायला लागली का? मिस्त्री म्हणायचा, थांबलेलीच आहे की.

थट्टा करायची सवय होती म्हणून करायची, एवढंच. जीव आतून पोखरला जात होता. उद्या रविवार, नातीचा पहिला वाढदिवस. नात दोनशे किलोमीटरवर होती आणि त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं. बोलावणं आलेलं नव्हतं. तरी तो जाणार होता.

पाच वर्षांपूर्वी त्याच्या गॅरेजातून दुरुस्त होऊन गेलेली एक गाडी तासाभरात ओढून परत आणावी लागली होती. एका चाकाचं निपल सैल राहिलं होतं, ऑइल गळून ब्रेक गेले होते, माणसं थोडक्यात वाचली होती. मिस्त्रीने चार गिऱ्हाइकांदेखत हाताखाली काम करणाऱ्या आपल्या पोराच्या कानाखाली आवाज काढला. पोरगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याने पाना पुसून जागेवर ठेवला, साबणाने हात धुतले आणि गेला तो गेलाच. लग्नही परस्पर केलं. आईला फोन करायचा, बापाचं नाव काढायचा नाही.

मिस्त्रीला त्याच्याशी एकच वाक्य बोलायचं होतं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. बायकोलाही त्याने ते सांगितलं नव्हतं. पोरगा ज्या गाडीवर चालवायला शिकला ती गाडी दारात दिसली, तर निदान तो बाहेर तरी येईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. नातीसाठी त्याने पांगुळगाडा केला होता, चाकांना जुनी बेअरिंग लावून, लाल रंग देऊन. तो मागच्या सीटवर वाळत होता.

दुपारी जेवण झाल्यावर तो पुन्हा गाडीखाली शिरला. काळ्या रबरी नळीतून काही दिसत नाही, म्हणून या वेळी त्याने निपलला पारदर्शक नळी लावली. "दाब," म्हणाला. "धरलंय," ती म्हणाली. त्याने निपल उघडलं. ऑइल आलं, त्यात बुडबुडे आले. आणि निपल अजून उघडंच असताना ते बुडबुडे थांबले आणि उलटे फिरून चाकात परत गेले.

पेडलवरचा पाय उचलला, तरच असं होतं.

एकतीस वर्षं गॅरेजात पेडल दाबायला तीच बसायची. "सोड" ऐकल्याशिवाय तिचा पाय एकदाही हलला नव्हता. म्हणून तर तीन दिवस त्याने सगळं तपासलं, तिचा पाय सोडून. वय झालं तिचं, गुडघे दुखत असतील, असं वाटून त्याला वाईट वाटलं. त्याने पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच. या खेपेला पाय अगदी हळू, जपून उचललेला त्याला नळीत दिसला.

तो बाहेर आला. ती स्टिअरिंगमागे मान खाली घालून बसली होती.

"पाय का उचलतेस?"

ती म्हणाली, "बुधवारी फोन केला होता त्याला. म्हणाला, आई, तू ये. बाबांना आणू नकोस."

त्याने हातातला पाना फडक्याने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिला.

"सांगणार होते हो," ती रडत म्हणाली. "पण तुम्ही गाड्याला रंग लावत बसला होता."

ती आत गेल्यावर तो एकटाच चाकापाशी बसला. निपल उघडं ठेवलं की ऑइल आपल्या वजनाने थेंब थेंब उतरतं आणि हवा घेऊन जातं. वेळ फार लागतो, पण दुसऱ्या माणसाचा पाय लागत नाही. दिवस मावळेपर्यंत तो एकेका चाकापाशी तसाच बसून होता.

सकाळी तो तिला म्हणाला, गाडीत बस, स्टँडवर सोडतो. तिने गाडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बसली. स्टँडवर गाडी फलाटाच्या कडेला अलगद, जागच्या जागी थांबली. तिची नजर त्याच्या पायाकडे गेली आणि तिने ओठ घट्ट मिटले.

त्याने पांगुळगाडा बसमध्ये तिच्या सीटशेजारी ठेवला.

"त्याने विचारलं तर सांग, ब्रेक लागेनात म्हणून बाबा आले नाहीत."

बसचं इंजिन सुरू झालं. तो खाली उतरला, दोन पावलं चालला आणि परत फिरून खिडकीपाशी आला.

"आणि नाही विचारलं तरी सांग," तो म्हणाला, "त्या दिवशी ते निपल मी सैल ठेवलं होतं."