मातीत हात घातला की ओरडतं

“हेही यंत्र खुळंच निघालं!” वॉल्टरनं गाजराएवढा पिनपॉइंटर नॉरिसच्या काउंटरवर ठेवला. महिनाभरातला हा तिसरा.

“माझ्या दुकानातली यंत्रं शहाणी असतात. गिऱ्हाईकच खुळं असेल,” नॉरिस म्हणाला. स्टोव्हपाशी तांबड्या लोकरीचं काहीतरी विणत बसलेली त्याची म्हातारी आई, एडना, फिसकन हसली.

वॉल्टरला हसू येईना. रिटायर झाल्यापासून तो नॉरफोकची शेतं धुंडाळत होता, पण असला प्रकार पाहिला नव्हता. मोठ्या धातुशोधकानं जागा दाखवायची, आपण खणायचं, मग खड्ड्यातली नेमकी वस्तू या दांडीनं हुडकायची. सरळ काम. पण दांडी ओरडायची ती ओरडायचीच. खड्ड्यातला गंजका खिळा काढून फेकला तरी. डाव्या मुठीत माती घेऊन टोक लावलं तरी. माती चिवडावी तर नुसती ढेकळं. डोकं भणभणायची वेळ आली होती.

बरं, नाणी-बिणी गेली खड्ड्यात, त्याला हवी होती अंगठी. बायकोची, ग्लेनिसची, लग्नातली. घरामागच्या बिटाच्या शेतात चहा घेऊन आले तेव्हा पडली, असं ती म्हणाली होती. तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. “सोड तो नाद, वॉल्टर,” एवढंच. बिचारीनं फार मनाला लावून घेतलंय, असं समजून तो आणखी चिवटपणे खणत होता. अंगठी सापडली की घर पुन्हा पहिल्यासारखं होईल, एवढीच आशा.

“वहिनींना नवी घेऊन दे की,” नॉरिस म्हणाला. “मी काही त्यांना कधी पाहिलं नाही, पण नव्या अंगठीला कोण नाही म्हणतं?”

“तिला नवी नकोय. आणि मलाही.”

नॉरिस नव्या पिनपॉइंटरचा डबा आणायला आत गेला. काउंटरवर चाचणीसाठी मातीचं घमेलं असायचं. त्यात उघड्या हातानं यंत्र कधीच चुकलं नव्हतं. आज वॉल्टरनं ठरवलं, शेतात करतो तस्सं करायचं. त्यानं खिशातून हातमोजा काढला. डाव्या हाताचा, एकच. घरी स्वयंपाकघराच्या दारामागे लटकलेला मिळाला होता. अंगठ्याला तांबड्या लोकरीचं रफू होतं. ग्लेनिस कधी सुईला हात लावत नसे, त्यामुळे तिनं आपल्यासाठी रफू केलं याचं त्याला फार कौतुक वाटलं होतं. त्याचं अंगठीचं बोट साखर कारखान्याच्या यंत्रानं कधीच नेलं होतं, म्हणून मोज्याचं तेवढं बोट रिकामं लोंबायचं.

त्यानं मूठभर माती उचलली, टोक लावलं. यंत्र ओरडलं.

नॉरिस बाहेर आला आणि जागीच थबकला.

“काढ तो... म्हणजे, राहू दे. मी दुकान बंद करतोय. हा नवा घेऊन जा, असाच.”

“भर दुपारी?” वॉल्टर गोंधळला. माती टाकून दिली तरी यंत्र ओरडतच होतं! त्यानं टोक स्वतःच्या हातावरून फिरवलं. रिकाम्या बोटाशी तर नुसता कल्लोळ.

त्यानं मोजा काढून झटकला. टणकन आवाज करत अंगठी काउंटरवर पडली. आतल्या बाजूला दोघांची नावं होती.

“अरे देवा! शेतात पडलीच नव्हती!” वॉल्टरचे डोळे भरून आले. “आमच्याच घरात होती रे, आणि मी गाढव रानं खणतोय!” त्यानं नॉरिसचा हात धरून गदागदा हलवला. नॉरिस खाली बघत होता.

एडनानं सुया बाजूला ठेवल्या, चष्मा चढवला आणि मोजा जवळ ओढून अंगठा उजेडात धरला.

“अगं बाई! नॉरिस, सापडला बघ तुझा हातमोजा! हे रफू मीच नाही का केलेलं?”