बोटीच्या शेडमधली तंबाखू

"ही बघ तुझी तंबाखू!" येप्पेनं डबा बोडिलच्या पुढ्यात आदळला. "पाइपात भरून ओढली की नुसता घसा जळतो."

बोडिलनं चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. भुगा झाला. मार्स्टालच्या बंदरावरचं हे तंबाखूचं दुकान ती चाळीस वर्षं चालवत होती आणि होड्या बांधणारा येप्पे तिचा शाळेपासूनचा दोस्त होता.

"माझ्या मालाला नावं ठेवू नकोस. डबा कुठं होता?"

"नेहमीच्याच जागी. शेडमध्ये, रंगाच्या डब्यांमागं."

मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानं बायकोला, थोराला, शब्द दिला होता, पाइप कायमचा बंद. थोराचे वडील धुरापायीच गेले होते. तो शब्द येप्पेनं जेमतेम एक उन्हाळा पाळला. पुढची सव्वीस वर्षं घरात साधू आणि शेडमध्ये धूर. वर स्वतःच्या हुशारीचं त्याला कौतुकही होतं.

"सव्वीस वर्षांत एकदाही सुकली नाही," तो म्हणाला. "समुद्राची हवा लागते ना तिथं."

"मग आता काय समुद्र आटला?"

येप्पे हसला नाही. थोराला जाऊन सात महिने झाले होते. गेल्या पंधरवड्यापर्यंत त्यानं डब्याला हात लावला नव्हता.

"ओल यावी म्हणून सफरचंदाची साल घालून पाहिली," तो पुटपुटला. "बुरशी आली. अर्धी फेकावी लागली."

"किती दिवस ठेवलीस साल?"

"आठ."

"आठ? एका दिवसात काढायची असते, शहाण्या!"

बोडिलनं उरलेली तंबाखू पसरट वाडग्यात मोकळी केली. वरून ओलं फडकं ताणून बांधलं, तंबाखूला टेकणार नाही असं.

"अधूनमधून हलवत राहायचं. बोटांना मऊ लागली की बस. घाई केलीस तर पुन्हा बुरशी. एवढी कसली घाई आहे तुला?"

"रविवारी तिच्या थडग्याशी बसून ओढणार आहे. तिच्यासमोर. सगळं सांगून टाकणार आहे. दवाखान्यात शेवटपर्यंत माझा हात धरून होती. शंभरदा ओठांवर आलं. वाटलं, जाता जाता कशाला तिचा विश्वास मोडायचा? आंधळा विश्वास होता गं तिचा माझ्यावर. तोच खातोय मला."

बोडिल फडक्याची गाठ उगाच घट्ट करत राहिली. मग तिनं डब्याचं झाकण उलटं केलं. आत भाजक्या मातीची एक चकती बसवलेली होती, कोरडी ठणठणीत.

"ही दर तीन आठवड्यांनी पाण्यात भिजवायची, पुसायची आणि परत बसवायची. हिच्यामुळं ओल टिकते."

"ही? मला वाटलं, झाकणाचाच भाग आहे. मी तर कधीच भिजवली नाही."

"माहीत आहे मला." बोडिल स्टुलावर बसली. "मी शब्द दिला होता, येप्पे, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. चकती थोरानं नेली होती माझ्याकडून. फुटली की नवी न्यायची, आणि दर खेपेला म्हणायची, या वर्षी तरी तो आपणहून सांगेल मला."