रामाजींच्या कानाची मशीन

आठ दिवसांनी भामरागडला रेंज आली आणि तिथे नर्स असलेल्या रिनाचा व्हिडिओ कॉल वरोऱ्याच्या घरी लागला. तेव्हा तिच्या बाबांच्या, रामाजींच्या कानातली मशीन वायरने तिच्या भावाच्या, अश्वजितच्या कॉम्प्युटरला जोडलेली होती.

दोन वर्षांपासून रामाजींना ऐकू येत नव्हतं. लेकीचा फोन आला की बिचारे नुसते तिच्या ओठांकडे बघत बसायचे. कानाची मशीन होती, पण तिचा आवाज जुळवणारी यूएसबीची डबी फक्त जुन्या विंडोजवर चालायची. म्हणून अश्वजितने नव्या कॉम्प्युटरमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातच दुसरा कॉम्प्युटर करून त्यात जुनी विंडोज चढवली. तरी डबी घडीभर दिसायची आणि गुल व्हायची. गावभरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने घरच्या डबीपुढे हात टेकले होते.

"जमून राह्यलं का नाई, भाऊ?" पडद्यावरून रिनाने विचारलं. "पानी चढून राह्यलं इथी. रेंज जाईन पुन्हा."

अश्वजित इरेला पेटला. नुसती डबी देऊन भागत नाही म्हटल्यावर त्याने यूएसबीची सगळी जोडणी सांभाळणारा अख्खा कंट्रोलरच व्हर्च्युअल मशीनच्या हवाली केला. डबी टिकली. त्याने आवाज हळूहळू वाढवला.

रामाजी दचकले. वर बघत म्हणाले, "पंखा." मग पडद्याकडे वळले.

"बाबा?" रिना म्हणत होती. "तुमी दिसून नाई राह्यले. आवाज बी गेला."

अश्वजितने कपाळावर हात मारला. कॅमेरा आणि त्यातला माइकही त्याच कंट्रोलरवर होते. घाईत तेही डबीबरोबर गेले. परत आणायचे तर व्हर्च्युअल मशीन बंद करावी लागणार, आणि जुळवलेला आवाज अजून साठवलेला नव्हता, म्हणजे बाबांचा कानही बंद.

रिनाने कॉल तोडला नाही. घरी कोणी ऐकत नाही असं समजून ती खाली मान घालून बोलत राहिली. "मन नाई लागत इथी, बाबा. जेवाले बसली का घास नाई उतरत. घरी याव वाटते."

रामाजींचे डोळे भरून आले. दोन वर्षांत लेकीचा आवाज जरा जाड झाला होता.

बाबा ऐकताहेत, एवढं तरी तिला कळवावं म्हणून अश्वजितने मोबाइल उचलला. रामाजींनी त्याचा हात धरला.

"नको सांगू तिले," ते हळूच म्हणाले. "मी आयकतो हे समजलं, त मंग सब ठीक हाये म्हणन थे."